शुगर, बीपी, स्टेंट असलेल्या आई-बाबांना अमेरिकेला पाठवताय? ट्रॅव्हल इन्शुरन्स घेण्याआधी हे वाचा

देवरुखच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बाबा ६८ वर्षांचे, बीपी आणि शुगर बरीच वर्षं, २०२२ मध्ये अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलाय. आई ६३, थायरॉईड आणि गुडघे. आंबा आटपला की जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं न्यू जर्सीला धाकट्या मुलीकडे सहा महिने जातायत. ओळखीतला एजंट म्हणतो, फॉर्मवर आजार लिहिलेत तर प्रीमियम वाढेल नाहीतर पॉलिसीच मिळणार नाही, 'आजार नाही' वर टिक करून टाका, कोण बघतंय. तर टिक करायची का आणि पॉलिसी कुठली घ्यायची?

ताई, टिक करू नका. बाकीचं सगळं नंतर, पण हे आधी. मी रत्नागिरीत जनरल इन्शुरन्सचंच काम करतो, पॉलिसी विकायचं पण आणि क्लेम अडकला की कागद घेऊन भांडायचं पण, आणि आपल्याकडच्या लोकांचे परदेशातले क्लेम जे अडकतात त्यातले बरेचसे तिकडे आजारी पडल्यावर अडकत नाहीत, ते इथे फॉर्म भरतानाच अडकलेले असतात, फक्त तेव्हा कोणाला कळत नाही कारण पॉलिसीची पीडीएफ पाच मिनिटांत मेलवर येते आणि सगळे खूश असतात.

कोण बघतंय, तर सांगतो कोण बघतं. ट्रॅव्हल पॉलिसी देताना कंपनी फारसं काही तपासत नाही, तुम्ही जे लिहिलं ते खरं धरून पॉलिसी देते. तपासणी होते ती क्लेम आल्यावर. समजा बाबांना तिकडे छातीत दुखलं, इमर्जन्सीत नेलं. पहिली नर्स विचारणार, आधीचे आजार काय, ऑपरेशन काय, गोळ्या कुठल्या चालू. तुमची बहीण घाबरलेली असणार, ती खरंच सांगणार आणि तिने खरंच सांगितलं पाहिजे कारण त्यावर उपचार ठरतात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डॉक्टरला कळलं नाही तर जीवावर बेतेल. ते सगळं हॉस्पिटलच्या रेकॉर्डवर जातं. वर अँजिओग्राफी झाली की स्टेंट दिसतोच. क्लेमसोबत ते रेकॉर्ड कंपनीकडे येतं, कंपनी मग इथल्या फॅमिली डॉक्टरचे केसपेपर मागते, अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड मागते, आणि मग फॉर्म काढून बघते तर तिथे 'आजार नाही'. तिथे विषय संपला. आणि लोकांना वाटतं की फार तर हार्टचा क्लेम जाईल, बाकी पडलं झडलं तर मिळेलच ना, तर तसं पण नाही, महत्त्वाची माहिती लपवली या कारणाने कंपनी अख्खी पॉलिसीच रद्द धरू शकते. राजापूरकडचे एक काका मस्कतला मुलाकडे गेले होते, तिथे न्युमोनिया झाला, ॲडमिट. बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू होती पण फॉर्मवर लिहिलं नव्हतं. न्युमोनियाचा आणि बीपीचा काय संबंध, मुलगा विचारत होता, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं, तरी कंपनीने न सांगितलेल्या आजारावर बोट ठेवून क्लेम लटकवला आणि त्या पोराने बिल आपल्या पगारातून भरलं. जो प्रीमियम वाचवला होता तो दोन-तीन पेट्या हापूसच्या किमतीएवढा पण नव्हता.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे, लोक मुद्दाम लपवतात असं नसतं, त्यांना तो आजारच वाटत नाही. "बीपी काय, गोळी घेतो रोज, कंट्रोलमध्ये आहे" असं सांगतात. "शुगर बॉर्डरवर आहे" म्हणतात आणि मेटफॉर्मिन दोन वेळा चालू असते. इन्शुरन्सच्या भाषेत कंट्रोलमध्ये असला तरी आजार तो आजार. गोळी चालू आहे म्हणजे उपचार चालू आहेत.

आता तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लपलीय ती काढून सांगतो कारण अनेकांचा तिथे घोळ होतो. आयआरडीएआयने, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये 'आधीपासूनचा आजार' याच्या व्याख्येतला काळ ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला. म्हणजे पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला दिला, उपचार दिले तो आधीपासूनचा आजार, ज्याला आम्ही पीईडी म्हणतो. हे वाचून कोणीतरी सांगतं की अँजिओप्लास्टी २०२२ ची, तीन वर्षं होऊन गेली, आता सुटलो. सुटलो नाही. निदान जुनं असलं तरी उपचार चालू आहेत ना? स्टेंटनंतर ॲस्पिरिन, स्टॅटिन चालू असतं, दर काही महिन्यांनी कार्डिऑलॉजिस्टला दाखवणं चालू असतं, म्हणजे ३६ महिन्यांच्या आतला उपचार आहेच. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या ट्रॅव्हलच्या फॉर्मवर प्रश्न असा असतो की 'कधीही' हृदयाचा आजार झाला होता का. कधीही म्हणजे कधीही. तेव्हा २०२२ लिहायचंच.

आणि हे जे तीन वर्षांचं वेटिंग वगैरे ऐकता ते घरच्या मेडिक्लेमचं. मेडिक्लेममध्ये आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं आणि नंतर तो कव्हर होतो. ट्रॅव्हल पॉलिसी आहेच मुळी सहा महिन्यांची, तिथे थांबून काही मिळणार नाही. तिथे एकच प्रश्न, आज, या पॉलिसीत, या आजाराला पैसे आहेत की नाहीत, आणि असतील तर किती.

त्या 'किती'वर नीट लक्ष द्या. जाहिरातीत मोठ्या अक्षरात एक लाख डॉलर, अडीच लाख डॉलर, पाच लाख डॉलर लिहिलेलं असतं आणि लोक तो आकडा आणि प्रीमियम एवढंच बघून ठरवतात. तो आकडा निरोगी माणसासाठी आहे. बाबांसाठी आकडा वेगळा असतो आणि तो पॉलिसी वर्डिंगमध्ये, म्हणजे अटींच्या पूर्ण कागदात, आत कुठेतरी असतो. मी बघितलेल्या पॉलिसींत ढोबळमानाने तीन तऱ्हा असतात. काहींमध्ये आधीच्या आजाराला आणि त्यातून होणाऱ्या कुठल्याही त्रासाला सरळ शून्य. स्वस्तातल्या बऱ्याच अशाच असतात. दुसऱ्या तऱ्हेत, जीवाला धोका असलेली अचानक इमर्जन्सी असेल तरच पैसे, तेही मूळ रकमेचा लहान भाग किंवा एक ठरावीक छोटी रक्कम. आणि तिसऱ्या तऱ्हेत जादा प्रीमियम घेऊन, कधी मेडिकल रिपोर्ट बघून, आधीचा आजार बऱ्यापैकी मोठ्या रकमेपर्यंत कव्हर करतात. एजंटला "पीईडी कव्हर आहे का" असं विचारलंत तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्हीला तो "हो आहे" म्हणणार आणि ते खोटं पण नाही. म्हणून विचारायचं ते असं: माझ्या वडिलांना बीपी, शुगर, स्टेंट आहे हे लिहून दिल्यावर, हार्टचा त्रास होऊन आयसीयूत ठेवलं तर जास्तीत जास्त किती डॉलर मिळतील, आणि वर्डिंगच्या कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवा. फोनवर नको, मेलवर. जो मेलवर द्यायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका, माणूस नात्यातला असला तरी.

दुसऱ्या तऱ्हेतला एक शब्द पुढे महागात पडतो. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की पेशंट 'स्टेबल' होईपर्यंतचाच खर्च. म्हणजे जीवाचा धोका टळला, डॉक्टर म्हणाले आता स्थिर आहे, पण चार दिवसांत बायपास करावी लागेल, तर ती बायपास त्यात नाही. कंपनी म्हणणार, आता विमानाने भारतात न्या आणि इथे करा. विमानात बसण्यालायक माणूस आहे की नाही हे ठरवण्यावरून मग ओढाताण होते आणि अमेरिकेत हॉस्पिटलमधला एकेक दिवस हजारो डॉलरचा असतो. मी घाबरवत नाहीये, पण हा शब्द वाचला नसेल तर अडीच लाख डॉलरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

आता बीपीचा पेशंट असेल तर अजून एक गाठ. पॉलिसीत बहुतेकदा लिहिलेलं असतं, आधीचा आजार 'आणि त्यातून उद्भवणारी गुंतागुंत'. स्टेंटवाल्याला हार्ट अटॅक आला तर संबंध उघड आहे. पण ज्याला फक्त बीपी आहे, हार्टचं कधी काही नव्हतं, त्याला पहिलाच अटॅक आला किंवा पॅरालिसिसचा झटका आला तर? कंपनी म्हणणार बीपीमुळे आला, डॉक्टर म्हणणार बीपी हे एक कारण असू शकतं, नक्की कोण सांगणार. शुगरवाल्याच्या पायाची जखम चिघळली, किडनीवर परिणाम झाला, इन्फेक्शन आटोक्यात येईना, तिथेही हाच वाद. म्हणून फक्त बीपी असलेल्यांनी पण असं समजू नये की आपला आजार लहान, साधी पॉलिसी चालेल. उलट मी तर म्हणेन की आपल्या किनाऱ्यावर पन्नाशीनंतर बीपीची गोळी नाही असं घर शोधावं लागतं, तर हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारायला हवा की अटॅक आणि झटका हे तुम्ही बीपीची गुंतागुंत धरणार का.

अमेरिकेसाठी दुसरा रस्ता म्हणजे तिकडची व्हिजिटर पॉलिसी, जी तुमची बहीण ऑनलाइन काढू शकते. तिथे दोन प्रकार बघायला मिळतील. एक फिक्स्ड बेनिफिटवाल्या, ज्यात एक्स-रेला एवढे, आयसीयूच्या दिवसाला एवढे, सर्जनला एवढे असं कोष्टक असतं. त्या स्वस्त असतात आणि तिथल्या बिलापुढे ते कोष्टक तोकडं पडतं, बाबांसाठी मी त्या घेणार नाही. दुसऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह, ज्यात डिडक्टिबल, म्हणजे आपण आधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम, सोडून बाकीचा खर्च ठरलेल्या टक्केवारीने मूळ रकमेपर्यंत देतात आणि त्यांचं हॉस्पिटलचं नेटवर्क असतं. या चांगल्या प्लॅनमध्ये 'ॲक्यूट ऑनसेट' नावाचा फायदा असतो, म्हणजे आधीचा आजार अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि साधारण २४ तासांच्या आत उपचार घेतले तर तो कव्हर. अचानक आलेला अटॅक यात बसू शकतो. पण शुगर महिनाभर हळूहळू वाढत गेली, पायाला सूज येत गेली, दम लागायला लागला आणि पंधरा दिवसांनी हॉस्पिटल गाठलं तर नाही बसणार, कारण ते अचानक नाही. आपल्या लोकांची सवय म्हणजे छातीत धरलं तरी गॅस असेल म्हणून ओवा खाऊन झोपायचं. बाबांना निघण्याआधी स्पष्ट सांगा, तिकडे असं करायचं नाही, लगेच मुलीला उठवायचं. तब्येतीसाठी तर आहेच, पण त्या २४ तासांवर क्लेम पण अवलंबून आहे.

या प्लॅनमध्ये वय फार महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी ७० च्या आत असेल तर ॲक्यूट ऑनसेटची मर्यादा भरपूर आणि ७० ओलांडलं की एकदम खाली येते, काही ठिकाणी ती रेघ ८० ला असते. बाबा ६८ चे आहेत म्हणजे आत्ता तुमच्या बाजूने आहे. पुढच्या खेपेला जातील तेव्हा हे परत बघावं लागेल, गेल्या वेळचीच पॉलिसी काढा असं करू नका.

मग भारतातली की तिकडची? तुमच्या बाबांसाठी, स्टेंट आहे, सहा महिने आहेत, अमेरिका आहे, तर माझा कल तिकडच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनकडे, ज्यात ॲक्यूट ऑनसेट ७० च्या आतल्यांना मूळ रकमेएवढा किंवा त्याच्या जवळपास देतात, रक्कम एक लाख डॉलरच्या खाली नको, परवडलं तर वर जा. दर महिन्याचा खर्च भारतीय पॉलिसीपेक्षा जास्त वाटेल. भारतातली घ्यायचीच असेल तर वर सांगितलेल्या तिसऱ्या तऱ्हेची, मेलवर लिहून घेऊन. तिचा फायदा असा की काही बिनसलं तर दाद इथे मागता येते, मराठीतून बोलणारा माणूस भेटतो, सामान हरवणं, फ्लाइट चुकणं हे पण त्यात असतं. तोटा असा की साठीच्या पुढच्यांना बऱ्याच पॉलिसींत सब-लिमिट असते, म्हणजे रूमला दिवसाला इतकेच, आयसीयूला इतकेच, सर्जनला इतकेच, आणि वर मूळ रक्कम मोठी दिसते. 'सब-लिमिट नसलेला' प्लॅन मागा, थोडा महाग असतो. सत्तरीच्या आसपास काही कंपन्या ईसीजी, उपाशीपोटी शुगर, लघवी असे रिपोर्ट मागतात. त्याला कंटाळू नका, रिपोर्ट बघून दिलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी जास्त भक्कम असते कारण कंपनीला सगळं आधीच माहीत होतं.

दिवस मोजा, ही छोटी गोष्ट आहे पण चुकते. भारतीय पॉलिसी साधारण १८० दिवसांपर्यंत मिळते आणि अमेरिकेत व्हिजिटरला बऱ्याचदा सहा महिने राहायला देतात. ५ जूनला निघून ४ डिसेंबरला परत आलात तर ते १८० च्या वर जातं. शेवटचे ते दोन-तीन दिवस उघडे राहतात. मुदत वाढवता येते पण ती संपायच्या आधी, आणि तोपर्यंत क्लेम झालेला असेल तर बहुतेक वेळा वाढवत नाहीत. शिवाय भारतीय पॉलिसी भारतातून निघण्याआधी काढावी लागते, विमानतळावर बसून आठवली तर घाईत परत तेच, 'आजार नाही'.

बाकी देशांचं पटकन सांगतो कारण हा प्रश्न वाचणारे सगळेच अमेरिकेला जाणारे नाहीत. युरोपात शेंगेन व्हिसाला, म्हणजे तिकडच्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा मेडिकल कव्हर लागतो आणि तो सगळ्या शेंगेन देशांत, पूर्ण मुक्कामासाठी चालणारा हवा. टूर कंपन्या पॅकेजमध्ये तो देतात. तो व्हिसाची अट पूर्ण करतो, वडिलांच्या शुगरचं काय ते बघत नाही, तेव्हा टूरवाल्याकडून पॉलिसीचं वर्डिंग निघण्याआधी मागून घ्या. कॅनडाच्या सुपर व्हिसाला, म्हणजे मुलांकडे लांब मुक्कामाला जाणाऱ्या आई-वडिलांच्या व्हिसाला, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरची आणि किमान एक वर्षाची पॉलिसी लागते, आणि तिकडच्या पॉलिसींत 'स्टॅबिलिटी पिरियड' असतो, म्हणजे ९० किंवा १८० दिवस असा काळ दिलेला असतो आणि तेवढ्या काळात आजारात, गोळीत काहीही बदल झालेला नको. बदल म्हणजे डोस वाढला तरी बदल आणि काही पॉलिसींत कमी झाला तरी बदल. त्यामुळे कॅनडाला जाणाऱ्याने निघण्याच्या आदल्या महिन्यात डॉक्टरकडे जाऊन गोळी बदलून घेतली की कव्हर उडू शकतो. याचा अर्थ गरज असताना गोळी बदलू नका असा मुळीच नाही, जे तपासायचं ते सहा-सात महिने आधी तपासून घ्या असा आहे. गल्फला जाणारे आपल्या दापोली, श्रीवर्धन, रत्नागिरी पट्ट्यात खूप, त्यांच्यासाठी इन्शुरन्सएवढीच महत्त्वाची गोष्ट औषधांची. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्या-सिरप यूएईमध्ये कंट्रोल्ड आहेत, आधी परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नका. गुडघ्याच्या दुखण्यावर, पाठीवर इथे सर्रास लिहून दिलेल्या गोळीत ट्रॅमाडॉल असू शकतं, स्ट्रिप उलटी करून वाचा.

तपासणीचा मुद्दा तुमच्या बाबांना पण लागू आहे. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट किंवा इको सांगितलंय आणि "अमेरिकेहून आल्यावर करू" म्हणून ठेवलंय का? असेल तर आधी करा. सांगितलेली तपासणी बाकी असताना, किंवा ऑपरेशनची तारीख लागलेली असताना प्रवासाला गेलं तर त्या कारणाने झालेला खर्च पॉलिसी देत नाही, आणि डॉक्टरने प्रवास करू नका म्हटलेलं असताना गेलं तर प्रश्नच नाही. आंब्याच्या गडबडीत मार्च ते मे कोणाला वेळ नसतो हे मला माहीत आहे, तरी फेब्रुवारीतच उरकून टाकायला हवं होतं असं काम आहे हे, अजून झालं नसेल तर या आठवड्यात करा. पॉलिसी काढल्यावर आणि निघण्याआधी काही नवीन निघालं, नवीन गोळी सुरू झाली, तर ते कंपनीला मेलने कळवा.

आता कागद. आपल्याकडे ट्रीटमेंट विखुरलेली असते, गोळ्या गावातल्या डॉक्टरच्या, अँजिओप्लास्टी कोल्हापूरला नाहीतर मुंबईला, मध्येच एकदा डेरवणला दाखवलेलं, आणि फाईल एकाच पिशवीत कपाटावर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा अनेकांच्या मेडिकल फाईली गेल्या आणि पुढे क्लेमच्या वेळी डिस्चार्ज कार्डच नाही अशी वेळ आली. ज्या हॉस्पिटलमध्ये झालं तिथे अर्ज करून डुप्लिकेट मिळू शकतं, पण त्याला वेळ लागतो, माणूस अमेरिकेत ॲडमिट असताना ते शक्य नाही. तेव्हा डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको, शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट), चालू गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन सगळं मोबाईलवर स्कॅन करा आणि बहिणीला पाठवून ठेवा, प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्मची, कॉपी पण. डॉक्टरकडून एका कागदावर लिहून घ्या: कुठला आजार, कधीपासून, कुठली गोळी किती मिलीग्रॅम, आत्ता तब्येत स्थिर आहे, प्रवास करायला हरकत नाही. गोळ्यांची नावं कंपनीची नकोत, औषधाची मूळ नावं हवीत, तिकडच्या डॉक्टरला आपल्या ब्रँडची नावं कळत नाहीत. पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्यांची सोय आधीच करा, कारण रोजची औषधं आणि नेहमीची तपासणी हे बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसी देत नाहीत. गोळ्या हॅन्डबॅगेत ठेवा. पुढे कधी इन्सुलिन सुरू झालं तर तेही चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथे गोठून खराब होऊ शकतं.

'कधीपासून' या शब्दावर थांबतो. फॉर्मवर लिहिलं शुगर ८ वर्षं, डॉक्टरच्या कागदावर १० वर्षं, आणि इमर्जन्सीत घाईघाईत कोणीतरी सांगितलं "पंधरा वर्षं तरी असेल". प्रत्येकाने अंदाजे सांगितलेलं असतं, कोणाच्या मनात पाप नसतं, पण कंपनीच्या हातात तीन वेगळे आकडे जातात आणि तिथून पत्रव्यवहार सुरू होतो. इथल्या हॉस्पिटलमध्ये पण हेच होतं, केसपेपरवर पहिल्याच ओळीत 'के/सी/ओ' (नोन केस ऑफ, म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार) लिहून पुढे आजार आणि वर्षं टाकतात आणि ती ओळ नंतर कोणी पुसू शकत नाही. आजच बाबांसोबत बसून ठरवा, पहिलं निदान कुठल्या साली, कुठल्या डॉक्टरकडे, आणि तेच साल फॉर्मवर, तेच डॉक्टरच्या कागदावर, तेच बहिणीच्या मोबाईलमध्ये. नक्की साल आठवत नसेल तर जुन्यात जुना रिपोर्ट शोधा आणि तो धरा.

तिकडे ॲडमिट करायची वेळ आली तर पॉलिसीवरचा असिस्टन्स नंबर लगेच फिरवायचा, बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत कळवायची अट असते. इमर्जन्सी असेल तर आधी हॉस्पिटल मग फोन, पण फोन विसरायचा नाही आणि फोन केल्याचा रेफरन्स नंबर लिहून ठेवायचा. बिल एकत्र येत नाही तिकडे, हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं, लॅबचं वेगळं, आणि काही बिलं आई-बाबा परत आल्यावर महिन्यांनी येतात. बहिणीला सांगा, प्रत्येक बिल आणि त्याचा तपशील मागून ठेव.

भारतीय पॉलिसी असेल आणि सगळं खरं सांगूनही क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, नाकारण्याचं कारण वर्डिंगच्या कुठल्या कलमाखाली हे लेखी मागा. आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल आहे, तिथे ऑनलाइन तक्रार टाकता येते. महिन्याभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन, म्हणजे विमा लोकपाल, तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, आणि कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. पण तिथेही पहिला कागद जो मागतात तो तुमचा प्रपोजल फॉर्म. त्यावर खरं लिहिलेलं असेल तर मी छातीठोकपणे तुमच्या बाजूने उभा राहू शकतो, नसेल तर माझ्यासारख्याचे हात बांधलेले असतात.

राहिली आई. थायरॉईडची गोळी लिहायची, गुडघे पण लिहायचे, एक्स-रे काढला असेल, इंजेक्शन घेतलं असेल तर ते पण. गुडघा तिकडे दुखला तर फिजिओथेरपीचे पैसे मिळतील अशी आशा ठेवू नका, ती इमर्जन्सी नाही. तिला वेगळी पॉलिसी काढा, बाबांसोबत एकत्र फॅमिली प्लॅनमध्ये टाकू नका, कारण तिचं वय आणि तब्येत बघता तिला साधी, सब-लिमिट नसलेली भारतीय पॉलिसी पण पुरेल आणि तिथे जे पैसे वाचतील ते बाबांच्या पॉलिसीची रक्कम वाढवायला वापरा.